लेकरांची नाटके : मागची आणि आपली

मंडळाच्या स्मरणिकेत मुलांच्या नाटकांचा इतिहास तुम्ही लिहा, असे आमच्या चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. नाटकाशी माझा संबंध काय तो शिलाईच्या मशीनचा. यंदा मंडळाच्या लेकरांनी एक नाटक गणपतीत केले, एक भुलाबाईच्या दिवसांत आणि एक जिजाऊ जयंतीला. या तिन्ही नाटकांचे कपडे मी शिवले, आणि कुणी भाषण विसरले की पडद्याआडून पुढचा शब्द सांगितला, एवढेच माझे काम. पण बाई म्हणाल्या, "पडद्याआडून जे दिसते ते समोर बसणाऱ्यांना कुठे दिसते? तेच लिहा." मग वाचनालयातून पुस्तके आणली, शाळेतल्या गुरुजींना विचारून घेतले, आणि माझ्या मुलीने मोबाइलवर जुन्यानव्या नाटकांचे तुकडे दाखविले. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

हे सगळे शोधायला मी लागले त्याला कारण आमच्या गल्लीतल्या एक आजी. पोळा झाला आणि मंदिरामागच्या ओसरीत गणपतीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी आजी काठी टेकीत आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काहून वो, पोरीले नाचवाले नेता काय?" आम्ही बायका गप्प झालो. पोरीही गप्प झाल्या. त्यांतल्या दोघी दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

आजींचा राग मला आला नाही, कारण हा प्रश्न मी माझ्या घरीही ऐकला आहे. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात जिजाऊंचे काम मला दिले होते. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातले, १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. तीन आठवडे मी तालीम केली. संमेलन चार दिवसांवर आले असता घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले की मोठी झालेली पोर चारचौघांत उभी राहायची नाही. काम दुसऱ्या मुलीला गेले. मी खाली सतरंजीवर बसून तिची सगळी भाषणे मनातल्या मनात म्हटली, आणि एका ठिकाणी ती अडली तेव्हा माझ्या तोंडून शब्द मोठ्याने निघून गेला. सगळे मागे वळून बघू लागले. पुढे वर्ष संपले आणि शाळाही संपली, कारण आठवीचा वर्ग तालुक्याला होता. पडद्याआडून शब्द सांगण्याची विद्या मला तेव्हापासूनची आहे म्हणायची!

तर, पोरींना रंगभूमीवर जागा नव्हती ही गोष्ट आमच्या गल्लीपुरती नाही. मराठी नाटकाचा आरंभ धरतात तो सांगलीचा. तिथे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. त्यातली सीता पुरुषच होता. त्यानंतर कितीतरी वर्षे नाटकातली शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी हे सारे पुरुष नाहीतर कोवळ्या आवाजाची मुले. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे आपले बालगंधर्व. त्यांच्या लुगड्याची नेसण आणि अंबाड्याची ठेवण पाहून घरंदाज बायका आपली नेसण सुधारीत असत, असे जुनी माणसे सांगतात. केवढी गंमत पाहा. बाईने बाईसारखे कसे दिसावे हे पुरुषाने दाखवायचे, आणि ते पाहायला बाईने चिकाच्या पडद्याआड बसायचे.

नाटक मंडळ्यांत लहान मुले पुष्कळ असत. घरची गरिबी, गळा बरा, रूप बरे, असे पोर कुणी ना कुणी मंडळीत आणून सोडी. त्याने तिथेच जेवायचे, तिथेच गाणे शिकायचे, पडेल ते काम करायचे, आणि मिसरूड फुटेतो बायकी पार्ट करायचे. लता मंगेशकरांचे वडील मास्टर दीनानाथ हे असेच कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१८ साली त्यांनी सोबत्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे हे १९१८ सालचे, तेही दहाएक वर्षांचे असताना बालमोहन नाटक मंडळीत गेले. नावातच 'बाल', आणि सुरुवातीला होतीही बहुतेक मुलेच. याच बालमोहनसाठी आचार्य अत्रे यांनी १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' लिहिले आणि सारा महाराष्ट्र हसविला.

हे वाचताना मला एक विचार सारखा टोचत राहिला. लेकरे रंगभूमीवर होती, पण नाटक लेकरांसाठी नव्हते. ती मोठ्यांच्या प्रेमाची, लग्नाची, सवती-मत्सराची भाषणे पाठ करीत, रात्री दोन-तीन वाजेतो उभी राहत, आणि समोर बसत ती मोठी माणसे. आवाज फुटला की पुष्कळांचे दिवस फिरत. एखादा बालगंधर्व होई, बाकीच्यांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

मग बोलपट आला. 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ सालचा. नाटक मंडळ्या एकामागून एक बुडाल्या. पण त्याच सुमारास स्त्रियांना दार थोडे उघडले. १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावतीबाई वर्तक यांनी कामे केली. त्याआधी हिराबाई बडोदेकर आपली मंडळी घेऊन रंगभूमीवर उभ्या राहिल्या होत्या. बायकांचे काम बायकांनी करावे ही साधी गोष्ट, ती व्हायला १८४३ पासून नव्वद वर्षे लागली.

लेकरांसाठी वेगळे, सांगोपांग नाटक हवे असे वाटायला आणखी पंचवीस वर्षे गेली. शाळांच्या संमेलनांतून नाटुकल्या होत, नाही असे नाही. स्वतः अत्र्यांनी शाळेसाठी लिहिलेले 'गुरुदक्षिणा' गावोगाव झाले. पण संमेलन म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. पाहुण्यांचे भाषण लांबते, बक्षिसे लांबतात, आणि नाटकाची वेळ येते तेव्हा धाकटी पोरे आईच्या मांडीवर झोपलेली असतात.

हे चित्र बदलले ते सुधाताई करमरकर यांनी. जन्म १९३४ सालचा. वडील तात्या आमोणकर हे गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यात मुरलेले, म्हणून घरात नाटक होतेच. सुधाताई भरतनाट्यम् शिकल्या, संघाच्या नाटकांतून कामे केली, आणि पुढे अमेरिकेत जाऊन मुलांची रंगभूमी कशी चालते त्याचा अभ्यास करून आल्या. लग्न झालेली, पंचविशीतली बाई त्या काळी परदेशाहून शिकून येते आणि येऊन काय करते, तर पोरांसाठी नाटक करते! पुष्कळांना तो पोरखेळच वाटला असेल.

१९५९ साली साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'बालरंगभूमी', म्हणजेच 'लिटल थिएटर', सुरू केले आणि पहिले नाटक आणले 'मधुमंजिरी'. लिहिणारे रत्नाकर मतकरी, जेमतेम विशीतले. यात नवे काय होते? एक म्हणजे लेकरू हाच प्रेक्षक. तिकीट त्याचे, खुर्ची त्याची, टाळी त्याची. दुसरे असे की पोरांचे नाटक म्हणून दोन चादरी बांधून भागविले नाही. मोठ्यांच्या नाटकाला लागते तेवढे नेपथ्य, तेवढे दिवे, तेवढे संगीत, नाच, आणि डोळ्यांदेखत घडणारी जादू. मोठी नटमंडळीही मुलांच्या नाटकात मनापासून कामे करू लागली. त्यानंतर 'कल्पवृक्षाची कन्या', 'चिनी बदाम', 'जादूचा वेल' अशी नाटके येत राहिली. मुंबईत मुलांच्या नाटकाचा हंगाम ठरून गेला, दिवाळीची सुटी आणि उन्हाळ्याची सुटी. शाळा सुटल्या की नाटके लागत, शाळा भरल्या की तालमी. सुधाताई ५ फेब्रुवारी २०१८ रोजी गेल्या.

मतकरींची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती घरातली आहे. १९६२ साली त्यांनी 'बालनाट्य' ही आपली संस्था काढली. ते बँकेत नोकरी करीत होते. नाटक लिहायचे त्यांनी, बसवायचे त्यांनी, पडदे रंगवायचे त्यांनी, आणि सोबत पत्नी प्रतिभाताई खांद्याला खांदा लावून. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अचाट गावची अफाट मावशी', 'अलबत्या गलबत्या' ही नावे घेतली तरी पोरे हसू लागतात. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजविली, आणि २०१८ साली हे नाटक नव्याने आले तेव्हा वैभव मांगले यांनी. दोघेही पुरुष! ते पाहून आमच्या आजी म्हणाल्या असत्या, पाहा, बाईचे काम अजून बाप्याच करतो. पण चेटकिणीचे काम कुणाकडे गेले म्हणून मी तरी भांडणार नाही.

पुण्यात सई परांजपे यांनी आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम करता करता 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप' अशी नाटके लिहिली आणि बसविली. दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका असलेल्या सुलभाताई देशपांडे यांनी 'आविष्कार' संस्थेची मुलांची शाखा 'चंद्रशाला' चालविली. तिचे 'दुर्गा झाली गौरी' हे नाचगाण्यांचे नाटक १९८० नंतरच्या दशकात फार गाजले, आणि त्यात साठ-सत्तर मुले एका वेळी रंगमंचावर असत असे वाचले. आमच्या ओसरीत अकरा पोरे होती, तर माझा जीव मेटाकुटीला आला!

मुंबई-पुणे सांगून झाले. आता आपल्या विदर्भाकडे येते. नागपूरला पुरुषोत्तम दारव्हेकर होते. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ सालच्या डिसेंबरात आले, त्याचे लेखक ते हेच. त्यातल्या खाँसाहेबांचे काम वसंतराव देशपांड्यांनी केले, आणि वसंतराव तर आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरचे. पण कट्यारीच्या लखलखाटात एक गोष्ट झाकून गेली. दारव्हेकर हे पेशाने शिक्षक, म्हणूनच सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. नागपुरात 'रंजन कला मंदिर' काढून त्यांनी मुलांना घेऊन मुलांची नाटके केली. 'उपाशी राक्षस' त्यांचेच, 'अबब! विठोबा बोलू लागला' त्यांचेच. मुंबईची ती मोठी साधने हाताशी नसताना शाळेच्या मुलांतून नट घडविणे हे काम मला कट्यारीपेक्षा कमी वाटत नाही. जाणकारांनी रागावू नये.

आणि आमच्या खेड्यांत? दंडार होती. पण दंडारीत बायकांची सोंगे गावचे तरणे पुरुषच घेत आणि पोरीबाळी दूर ओट्यावर बसून पाहत. तरी मी म्हणते की वऱ्हाडातल्या पोरींना नाटक मिळाले होते, फक्त त्याला कुणी नाटक म्हटले नाही. ते म्हणजे भुलाबाई.

भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई आणि भुलोबा मांडायचे, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा, आणि कोजागरीपर्यंत महिनाभर रोज सांजेला टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची. गाणी झाली की झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. लहानपणी आपण सगळ्यांनी केले आहे. पण आठवून पाहा, आपण नुसती गाणी म्हणत होतो का? एक पोर सासू होई, एक सून, एक नणंद. सासू कमरेवर हात ठेवून नाक मुरडी. सून पदर डोक्यावर ओढून माहेरी जायची परवानगी मागे. ते कारल्याचे गाणे तर पुरते नाटकच आहे. सून माहेरी जाऊ का विचारते, आणि सासू कारल्याचे बी पेरण्यापासून एकेक अट पुढे ढकलीत राहते. परवानगी मागायची, अट ऐकायची, ती पुरी करायची, पुन्हा मागायची. आम्ही दहा-बारा वर्षांच्या पोरी ते हसत हसत म्हणत होतो. ओट्यावर बसलेल्या आमच्या आया मात्र हसत नसत, हे मला लग्नानंतर समजले.

भुलाबाईत नाचलेल्या बाईने पोरीला नाटकात जाऊ नको म्हणावे, हे मला कोडे वाटे. आजींना मी हे हळूच विचारले. त्या म्हणाल्या, "थे देवाचं हाये. अन् थे बायाइच्या पुढं असते." उत्तर खरे होते. पुढ्यात कोण बसले आहे, यावरच सगळे अवलंबून.

गणपतीतले नाटक लाकूडतोड्याच्या गोष्टीवर केले. ते कसे झाले यावर फार लिहीत नाही. कापूस आपल्याकडे घरचा, म्हणून म्हाताऱ्याची दाढी कापसाची केली होती. ती डिंकाने नीट चिकटली नाही, नाकात गेली, आणि ऐन करुण प्रसंगात म्हातारा सात वेळा शिंकला. मधेच वीज गेली. पण पाहणाऱ्यांनी आपापल्या मोबाइलचे दिवे धरले आणि नाटक पुढे चालू राहिले. मुकुट पुठ्ठ्याचे, वर बेगड. पडदा माझ्या सासूबाईंच्या दोन जुन्या नऊवारींचा. नाटक संपल्यावर त्या म्हणाल्या, "माझं लुगडं बरं दिसत होतं." घरी न आलेल्या त्या दोन पोरींपैकी एक समोर बसून पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती आपणहून तालमीला आली. तिचे नाव मी देत नाही, पण पुढची हकीगत तिची आहे.

इथे पुण्याच्या आणि ठाण्याच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर भुलाबाईच्या नाटकाची गंमत कळायची नाही. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांनी जर्मनीतल्या बर्लिन शहरातील 'ग्रिप्स' नावाच्या नाट्यसंस्थेची पद्धत पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीत आणली. श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेले 'छान छोटे वाईट्ट मोठ्ठे' हे त्यातले पहिले. या नाटकांत राजाराणी नाही, चेटकीण नाही, जादूची अंगठी नाही. घरातली, शाळेतली, जिन्यावरची पोरे आणि त्यांची खरीखुरी दुःखे. मोठी माणसे ऐकत नाहीत, आईबाप भांडतात, गरीब घरच्या पोराशी खेळू देत नाहीत, असे. मला हे फार आवडले. एकच पटले नाही. ग्रिप्सच्या नाटकात लेकरांची कामे मोठी माणसे करतात. त्याला कारणे असतील, मोठ्यांना हंगामभर रोज प्रयोग करता येतात, शाळा बुडत नाही. पण पोराचे दुःख पोराने सांगितले तर ते आणखी खरे नाही का होणार?

म्हातारपणी मतकरींनाही काहीसे असेच वाटले असावे. २०१४ पासून त्यांनी ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. झोपडवस्तीतली तरुण मुलेमुली आपापल्या वस्तीत बसून आपल्या जगण्यावर नाटुकल्या रचतात, स्वतःच करतात, आणि मग सगळ्या वस्त्यांच्या नाटुकल्या मिळून 'नाट्यजल्लोष' होतो. ज्या माणसाने राक्षस आणि चेटकिणी लिहिल्या, त्यानेच शेवटी पोरांना म्हटले, आता तुमचे तुम्ही सांगा. १९५९ साली 'मधुमंजिरी' लिहिणारा हात तो हाच. मे २०२० मध्ये ते गेले.

हे सगळे मी मुलांना तालमीत थोडे थोडे सांगत होते. भुलाबाईचे नाटक काय करायचे यावर वाद चालला होता. कुणाला परी हवी, कुणाला शिवाजी महाराज. तेव्हा ती पोर, इतके दिवस कोपऱ्यात बसणारी, म्हणाली, "काकू, कारल्याच्या गाण्यात सासूच्या जागी मुकादम घातला तर?"

तिच्या घरची माणसे ऊसतोडीला जातात. आपल्या जिल्ह्यातली किती घरे दसरा झाला की कुलूप लावून जातात, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि धाकट्याला सांभाळायला मोठी पोर बरोबर जाते. शाळा तेवढे महिने बंद. तिने आणि बाकीच्या पोरांनी मिळून नाटक रचले. पोरगी विचारते, मी शाळेत जाऊ का? आई म्हणते, पाणी भरून ये, मग जा. भरून येते. बाप म्हणतो, वाढे गोळा कर, मग जा. मुकादम म्हणतो, मोळ्या बांधू लाग, मग जा. भाऊ रडतो, त्याला निजव, मग जा. निजविते, आणि तोपर्यंत शाळेची घंटा वाजून गेलेली. मधून मधून टिपऱ्या. एक ओळही आम्ही मोठ्यांनी लिहिली नाही. मी फक्त मुकादमाला डोक्याला बांधायला लाल गमजा दिला.

नाटक कोजागरीला ठरले होते. पण गाड्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सुटणार अशी खबर आली. मंडळात थोडी कुरबुर झाली, कोजागरीचे दूध, चांदणे, पाहुण्या बाई, सगळे ठरलेले. काहींनी सुचविले की तिचे काम दुसऱ्या मुलीला द्यावे, पाठ तर सगळ्यांचेच आहे. मी तिथे जरा मोठ्याने बोलले, त्याबद्दल वडील भगिनींची माफी मागते. शेवटी तारीख अलीकडे ओढली आणि नवरात्राच्या पाचव्या माळेला नाटक झाले. दूध नव्हते, फुटाणे वाटले.

मंदिरासमोर पुरुष, बायका सगळे बसले होते. तिची आई खांबाला टेकून, मांडीवर धाकटा घेऊन बसली होती. नाटक पंधरा मिनिटांचे. घंटेच्या वेळी पोरे एकदम थांबली, टिपऱ्या थांबल्या, आणि पुढचे वाक्य तिचे होते. ती बोलेना. मला वाटले विसरली, म्हणून मी आतून शब्द दिला. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. थोडा वेळ गेला आणि मग ती बोलली. विसरली नव्हती, थांबली होती. हे तिला कुणी शिकविले ठाऊक नाही. संपल्यावर टाळ्या यायला वेळ लागला. आजी पुढच्याच रांगेत होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच की, "एवढुसंच हाये का नाटक? आमी आत्ताच तं बसलो."

दसऱ्यानंतर गाडी गेली. तिला इथेच कुणाच्या घरी ठेवून घेता येईल का, असे मंडळात आम्ही बोललो होतो, दोघीतिघींनी तयारीही दाखविली. तिची आई म्हणाली, "बाई, तुमचं खरं हाये. पण मी मोळी बांधू का लेकरू पाहू?" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

जानेवारीतले जिजाऊंचे नाटक चांगले झाले, पाहुण्यांनी वाखाणले. जिजाऊंचे काम करणाऱ्या मुलीचे घरचे स्वतः तिला तालमीला सोडायला येत, रात्री न्यायला येत. नाटकाच्या आदल्या संध्याकाळी ऊसतोडीवरून फोन आला. उसाच्या रानालाही फडच म्हणतात आणि तमाशालाही फडच. पोरीने विचारले, कोण कोण काय झाले आहे, लुगडे कोणत्या रंगाचे. मग म्हणाली, तिथल्या पोरांना तिने कारल्याचे नाटक शिकविले, कोप्यांच्या मधल्या जागेत केले, आणि टिपऱ्यांऐवजी उसाची कांडकी घेतली. "मुकादम होते का पाहायला?" मी विचारले. "होते ना," ती म्हणाली, "हसले."

मृगाआधी ती माणसे परत येतात. पुढच्या हंगामाचे कपडे मी आताच बेतायला घेतले आहेत. मागच्या वेळचे तिचे परकर-पोलके पेटीत आहे. या वयात पोरी वाढतात फार, म्हणून नव्या परकराला खाली चार बोटे कापड आत दुमडून ठेवले आहे.